दुसरं रीळ आधी

सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं झाली आहेत. डोंबिवलीजवळच्या मानपाड्यातल्या एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बांधलेल्या पत्र्याच्या खोलीत रतन कोळी व्हीसीआरचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसते आहे. सातला आरत्यांची कॅसेट लागली पाहिजे. जरा उशीर झाला की समोरच्या सोसायटीतल्या एक आजी फोन करतात आणि आज देवांना सुट्टी आहे का, असं विचारतात.

खोलीत दोन व्हीसीआर, एक लहान टीव्ही, वायरींचे गुंते आणि भिंतभर कॅसेटी आहेत. टेबलफॅनही आहे, पण त्याचं तोंड माणसांकडे नसून यंत्रांकडे आहे. इथून निघालेल्या वायरी परवानगीच्या आणि बिनपरवानगीच्या गच्च्यांवरून रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांत शिरतात. उपग्रहावरून येणारी चॅनेलं रतन नुसती पुढे ढकलते. एक चॅनेल मात्र इथलंच आहे. त्यावर सकाळी आरत्या, दुपारी तीनला मुलांचं कार्टून, रात्री सिनेमा आणि अधूनमधून साड्यांच्या दुकानाची जाहिरात असते. त्या चॅनेलवर काय दिसायचं, ते रतन ठरवते.

आज गुरुवार, म्हणून ती इथे आहे. काल नव्हती आणि उद्याही नसेल. हे वेळापत्रक दोन वर्षांपूर्वी, शहाण्णवच्या श्रावणात ठरलं आणि ते एका परदेशी कार्टून सिनेमामुळे ठरलं. तो सिनेमा रतनने लहानपणी तीन वेळा बघितला होता आणि तिन्ही वेळा उलटा बघितला होता.

रतन ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात वाढली. १९८१ साली ती आठ वर्षांची होती. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात कोळीवाड्यातल्या एका मंडळाने आणि नौपाड्यातल्या एका मंडळाने मिळून एकच सिनेमा भाड्याने आणला. दोघांनी वेगवेगळा आणण्याइतकी वर्गणी दोघांकडेही नव्हती. सिनेमा दोन रिळांचा होता. रीतसर ठरलं ते असं की आधी नौपाड्याने पहिलं रीळ लावायचं, ते संपलं की सायकलवरून कोळीवाड्यात पाठवायचं आणि तोवर कोळीवाड्याने थांबायचं.

कोळीवाडा थांबला नाही. साडेनऊला आरती होती, पोरं सतरंजीवर येऊन बसली होती आणि दुसरं रीळ नुसतं डब्यात पडून होतं. कार्यकर्त्यांनी विचार केला, की रीळ ते रीळ. त्यांनी दुसरं आधी लावलं. पहिलं आल्यावर ते नंतर लावलं. कोणाची तक्रार आली नाही, म्हणून पुढची दोन वर्षं तोच सिनेमा त्याच क्रमाने दाखवला गेला.

तक्रार आली नाही, याचं श्रेय महिपतकाकाचं. सिनेमाची भाषा कोणालाच कळत नव्हती. महिपत लग्नाकार्यात लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा. माइक त्याचाच असल्याने तो त्याच्या हातून काढून घेण्याचा प्रश्न नव्हता. सिनेमाचा आवाज बारीक करून तो पडद्याशेजारी खुर्ची टाकून बसे आणि दिसेल ते सांगत जाई.

त्या पोरांना दिसलं ते असं. होडीतून उतरून एक मुलगी राजवाड्यात येते. राजाला झोप येत नाही. राजाचा वैद्य मुलीच्या गळ्यातून पिवळ्या पाखरासारखा तिचा आवाज काढतो आणि चांदीच्या डबीत कोंडतो. तिची वेणी कापून त्या वेणीने डबी बांधतो. डबी राजाच्या उशाशी ठेवल्यावर राजा घोरायला लागतो. जागा झाल्यावर खूश होऊन तिच्याशी लग्न करतो. मोठी पंगत बसते. मुलगी मुकुट घालून खिडकीत बसते. इथे रीळ संपलं. सायकल आली, डबे बदलले आणि महिपतने माइकवर फुंकर मारली.

"आता ऐका. रानी म्हायेरी आली हाय."

पडद्यावर तीच मुलगी नदीकाठच्या झोपडीत गात होती. वेणी कमरेपर्यंत होती. "म्हायेरच्या तेलानं केस वाढले," महिपत म्हणाला. तिचं वय जरा कमी दिसत होतं. "म्हायेरी आली का बाय लहानच दिसते." भोवती बदकांचा कळप होता. "राजानं पाठवनी केली, रिकाम्या हातानं कशी पाठवील?" शेवटी वैद्य रिकामी डबी घेऊन झोपडीशी आला आणि मुलगी त्याला होडीत बसवून स्वतः वल्हं मारत निघाली. महिपतला इथे क्षणभर विचार करावा लागला. मग तो म्हणाला, "वैद्य न्यायला आलता. डबी बगा, रिकामी. रानी बोलली, आवाज माझ्याकडं राहील, तू डबी घेऊन जा. आता त्याला पलीकडं सोडते आन कालवनाच्या टायमाला घरी येते."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. आरती झाली. कोळीवाड्यातल्या मुलींची एक अख्खी तुकडी असं समजून मोठी झाली, की राणी व्हायचं, कंटाळा आला की माहेरी यायचं, आवाज परत घ्यायचा आणि संध्याकाळचं कालवण चुकवायचं नाही.

रतन पुढे बारावी झाली, टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला आणि ब्याण्णव साली मानपाड्यात काळुरामकडे लागली. काळुराम इथला केबलवाला. तिच्याआधी त्याच्याकडे जो माणूस होता, त्याने एका सकाळी आरतीऐवजी आदल्या रात्रीच्या सिनेमातलं धबधब्याखालचं गाणं लावलं होतं. त्या दिवशी एका सोसायटीने केबल तोडून गच्चीवरून खाली टाकली. रतन आल्यापासून असं काही घडलं नव्हतं. काळुराम तिला सोडायला तयार नव्हता आणि तिलाही कुठे जायचं नव्हतं.

शहाण्णवच्या मे महिन्यात तिचा साखरपुडा झाला. मुलगा कुंडलिक, डोंबिवलीच्या खाडीकाठचा, मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात कामाला. ज्या दिवशी जो रंग, तो त्याच्या नखांत. तिचं माहेरचं आडनाव कोळी, सासरचंही कोळी, त्यामुळे लग्नात बदलण्यासारखं काही नाही, असं तिचे वडील हसून म्हणाले. तेव्हा कुंडलिकची आई भागीरथी म्हणाली, की एक गोष्ट बदलावी लागेल.

भागीरथीची डोंबिवलीच्या मासळीबाजारात जागा होती. ती तिला तिच्या सासूकडून मिळाली होती, सासूला तिच्या सासूकडून. अशी जागा लेकीला जात नाही, सुनेला जाते. भागीरथीचे गुडघे गेले होते.

"पोरगी पसंत हाय," ती भरल्या मांडवात म्हणाली. "पन लग्नानंतर वायरी नायत. माझी जागा धरायची. मासलीच्या दिवशी जागा रिकामी राह्यली का शेजारीन पाटी सरकवते. दोन हप्त्यांत जागा तिची होते."

यात काही जुलूम नव्हता. डोंबिवलीच्या बाजारातली जागा म्हणजे पोरीचं भलं झालं, असंच सगळे म्हणाले. गच्चीवरची खोली सोडायची नाही, एवढं मात्र रतनने ठरवलं. कसं, ते तिला माहीत नव्हतं.

कुंडलिकची पाळी दुपारी सुटायची आणि तो कधीकधी चहाला गच्चीवर यायचा. चारचौघांत रतन त्याला 'ते' म्हणायची, गच्चीवर 'तू'. जूनमधल्या एका दुपारी तीनचं कार्टून चालू होतं आणि पडद्यावरून एक बदक गेलं.

"लहानपणी आमच्याकडे बदकांच्या राणीचा सिनेमा दाखवायचे," रतन म्हणाली. "डबीत आवाज कोंडतात तो."

कुंडलिकने कप खाली ठेवला. "डबी वेणीने बांधतात तो? मी बघितलेला तो. नौपाड्यात." त्याचा मामा नौपाड्यातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होता आणि कुंडलिक सातवीपर्यंत त्याच्याकडे राहिला होता.

दोघांना आनंद झाला. तो फार टिकला नाही.

"शेवटी ती माहेरी येते ते मला जाम आवडायचं," रतन म्हणाली.

"कुठलं माहेर? ती आधी बदकं राखते. शेवटी राजाशी लग्न होतं, तिचा आवाज परत येतो आणि ती गाते."

"लग्न आधी होतं. गाते माहेरी आल्यावर."

"अगं, लग्न आधी झालं तर मग सिनेमात बघायचं काय?"

"तेच तर बघायचं."

"आमच्याकडे शाळेतले गुरुजी सिनेमाबरोबर आलेला कागद बघून सांगायचे."

"आमच्याकडे महिपतकाका पडदा बघून सांगायचे."

काळुराम कोपऱ्यात वायर सोलत बसला होता. "आमच्या गणपतीत नुसतं भजन असायचं," तो म्हणाला. "बरं होतं. भांडण नाही."

कुंडलिकला चेव चढला. तो म्हणाला, की पैज लाव. गोष्ट तुझी खरी निघाली तर मी स्वतः आईला सांगेन, रतन हे काम सोडणार नाही. माझी खरी निघाली तर तू लग्नाच्या आदल्या दिवशी चाव्या काळूशेठला द्यायच्या आणि तोंड वाकडं करायचं नाही.

"लावली," रतन म्हणाली. तिला खात्री होती. तीन वर्षं लागोपाठ डोळ्यांनी बघितलेली गोष्ट खोटी कशी निघेल?

श्रावण लागला. केबल आल्यापासून व्हिडिओ लायब्ररींचे दिवस भरत आले होते. नौपाड्यातली एक बंद होत होती आणि काळुरामने तिच्याकडच्या जुन्या कॅसेटी खोक्याने उचलून आणल्या. रतन त्या लावून बघत होती. तळाशी एक निघाली, तिच्या वेष्टनावर परदेशी अक्षरं होती आणि खाली एक मुलगी बदकांच्या घोळक्यात उभी होती.

तिने कॅसेट लावली. पहिल्याच चित्रात नदीकाठची झोपडी आली आणि वेणीवाली मुलगी गायला लागली. राजवाडा नव्हता, मुकुट नव्हता. रतनने पाच मिनिटं बघून कॅसेट थांबवली. ती हरली होती.

काळुराम म्हणाला, "खाडीत टाकू?"

"नको. पूर्ण बघू दे आधी."

त्या आठवड्यात तिने तो सिनेमा बऱ्याचदा बघितला, सुलटा आणि उलटा. आठव्या वर्षी न पडलेले प्रश्न तेविसाव्या वर्षी पडत गेले. राजाला झोप का येत नाही, याचं कारण सिनेमात कुठेच नव्हतं.

"दिवसभर करतो काय तो?" काळुराम म्हणाला. "खांबावर चढव त्याला. रात्री मेल्यासारखा झोपेल."

"आणि वैद्याचं बघ. उपाय याचा, आवाज तिचा."

"आणि बदकं?"

बदकांचं खरंच काय झालं, हे कोणी सांगत नव्हतं. ती बिचारी पहिल्या भागाच्या शेवटी नदीकाठी उभी राहतात आणि पुन्हा दिसतच नाहीत. कोळीवाड्यात हा प्रश्न आला नव्हता, कारण तिथे बदकं शेवटपर्यंत हजर होती. गाणारी, हसणारी, वेणीवाली मुलगी आधी आणि मुकी, केस कापलेली मुलगी नंतर, आणि या सगळ्याला पंगत! रतनला पहिल्यांदा वाटलं, की कार्यकर्त्यांनी चूक केली ती बरी केली. मग तिला पुढचं सुचलं. मंडळाला जे सायकलवर जमलं, ते व्हीसीआरवर तर बटणाने जमणार होतं.

तिने कुंडलिकला निरोप दिला, की कॅसेट मिळाली आहे, ये. कुंडलिक आईला घेऊन आला. निकाल तिच्यासमोर लागला तर नंतर वाद राहणार नाही, असं त्याचं म्हणणं. भागीरथीलाही वेळ होता. श्रावणात डोंबिवली मासळी खात नाही.

तीन मजले चढून ती गच्चीवर आली आणि खुर्चीत बसली. "शिनेमा चांगला नसला तर मना उचलून खाली न्यायचं," ती म्हणाली. तिने वायरींकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. "हा पंखा तिकडं का?"

"यंत्रं तापतात, मावशी," रतन म्हणाली.

"आन मी?"

पंखा फिरवण्यात आला. काळुराम दारात उभा राहिला. रतनने कॅसेट आत सारली. ती तिने आधीच मध्यावर आणून ठेवली होती. होडी राजवाड्याशी लागली, पाखरू डबीत गेलं, वेणी कापली गेली, लग्न झालं. शेवटी पडद्यावर परदेशी अक्षरं आली.

"हे काय लिहिलंय?" कुंडलिकने विचारलं.

"मध्यंतर," रतन म्हणाली. तिने रिवाइंडचं बटण दाबलं. मशीन घरघरू लागलं.

"हे मागे का जातंय?"

"परदेशी कॅसेट आहे. अशाच असतात."

काळुरामने गच्चीच्या कठड्यापलीकडे काहीतरी महत्त्वाचं दिसत असल्यासारखं तिकडे बघितलं. कॅसेट सुरुवातीला पोचली. झोपडी आली, मुलगी गाऊ लागली, बदकं आली. कुंडलिक गोंधळून गेला होता. क्षणभर त्याला स्वतःच्याच लहानपणाची शंका आली. रतन गंभीर चेहऱ्याने बसली होती.

"थांबव," भागीरथी म्हणाली.

चित्र मुलीच्या चेहऱ्यावर थांबलं.

"कोल्याची पोर ना तू? मासली घेताना काय बगतेस?"

"डोळा बघते. गाल उघडून बघते."

"मग. मगाशी हिचा डोला बगितलास? आत गेलेला, पांढरा. गालाला रंग नाय. आता बग, कशी पान्यातनं काडल्यासारकी हाय." भागीरथीने पदर सारखा केला. "शिली मासली ताजी व्हताना मी जलमात बगितली नाय."

काळुराम वायर शोधायला बाहेर गेला.

"उलटं लावलंय, मावशी," रतन म्हणाली.

"ठावं हाय. आता सुलटं लाव."

ते सुलटं बघितलं गेलं. झोपडी, बदकं, डबी, होडी. मग राजवाडा, लग्न, पंगत. कुंडलिक मांडीवर ताल धरून बसला होता. अक्षरं आल्यावर त्याने हात वर केले.

"झालं? लग्न शेवटी."

"झालं. तू बोललास तसंच," रतन म्हणाली. "आता गाणं ऐकव."

"कुठलं गाणं?"

"तिचा आवाज परत येतो आणि ती गाते, असं बोललेलास. जूनमध्ये. काळूदादा साक्षी आहे."

"आहे," काळुराम बाहेरून म्हणाला.

शेवटची पाच मिनिटं पुन्हा लावली. मुलगी मुकुट घालून खिडकीत बसली होती. दिवे मालवले गेले. राजा घोरत होता आणि त्याच्या उशाशी डबी होती, वेणीने बांधलेली. झाकण उघडलं गेलं नाही.

"गाते," कुंडलिक म्हणाला. "मला चांगलं आठवतंय. गुरुजी सांगायचे, आणि मग राजाने डबी उघडली आणि तिचा गोड आवाज..." तो थांबला. गुरुजी सांगायचे, हे त्याला आठवत होतं. डबी उघडलेली त्याने कधी बघितली होती का, ते आठवत नव्हतं.

"अजून एकदा लाव," भागीरथी म्हणाली.

अजून एकदा लावलं. डबी बंदच होती.

"म्हंजी आवाज परत नायच दिला," ती म्हणाली. तिचा स्वर बदलला होता. बाजारात कोणी पापलेट दाबून दाबून बघतं आणि न घेता पुढे जातं, तेव्हाचा हा स्वर. "गुरुजीनं तुमाला फसवलं. पोरांना वाईट वाटंल म्हनून डबी सोताच उघडली. आन त्या महिपतनं तर पोरीला राजवाड्यातनंच काडली. दोगं लबाड. त्यातल्या त्यात महिपत बरा, त्यानं घरी तरी आनली."

"आई, पण क्रम माझा बरोबर..."

"मी मासली देते तेवा टोपली परत घेते. माझ्या सासूनं शिकवलंय, टोपली परत आल्याबिगर गिऱ्हाइक हलू द्यायचं नाय. ही येडी अख्खा गला देऊन आली आन झाकन उघडायला कोन नाय." तिने मुलाकडे बघितलं. "मी गला डबीत ठेवून जागेवर बसले असते तर तू शालंत गेला असतास? माशा वारत बसले असते."

"पण पैज मी जिंकलो ना."

"जिंकलास. खूश राहा."

रतनला एवढी फट पुरेशी होती.

"मावशी, एक विचारू? सोमवारी तुम्ही जागेवर बसता?"

"सोमवारी कोन खातं? शंकराचा वार."

"गुरुवारी?"

"दत्ताचा."

"शनिवारी?"

"मारुतीचा. सुकटसुद्दा जात नाय."

"मग त्या दिवशी जागा रिकामीच असते. शेजारीण पाटी सरकवत नाही?"

"ती कोनासाठी सरकवंल? ती पन घरी असते."

"आणि अख्खा श्रावण?"

भागीरथीने तिच्याकडे नीट बघितलं. गिऱ्हाईक भाव पाडायला कुठून सुरुवात करतंय, ते तिला कळलं होतं.

"बुध, शुक्र, रविवार जागेवर," ती म्हणाली. "पहाटे. कारन नाय सांगायचं."

"नाही सांगणार. सोम, गुरू, शनी इथे."

"मंगलवार?"

"मंगळवारी निम्मी डोंबिवली गणपतीचं करते, निम्मी खाते."

"मंगलवार माझा," भागीरथी म्हणाली. "घरी बसून गुडगे आकडतात. तू रांध."

काळुराम आत आला. त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि ते त्याला आवडलं नव्हतं. "रविवार कसा देऊ? रविवारी सगळ्यात जास्त लोक बघतात."

"रविवारीच सगळ्यात जास्त लोक खातात," रतन म्हणाली. "सकाळी घेतात, जेवून झोपतात, मग बघतात. चारला मी गच्चीवर."

कुंडलिक डबीच्या चित्राकडे बघत बसला होता. तो म्हणाला, की यात माझं काय ठरलं? आई म्हणाली, बुधवारी पहाटे पाट्या उचलायला तू. पाळी सातला असते तुझी.

खाली उतरायला भागीरथीला मुलाचा हात लागला. दुसऱ्या मजल्यावर थांबून ती वर बघत ओरडली, की रतन, तो पंखा आता पुन्हा तिकडं कर, नायतर काही जलंल.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं. हळदीला महिपतकाका माइकसकट आला होता. रतनने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की काका, आपण सिनेमा उलटा बघत होतो, पहिलं रीळ नौपाड्यात असायचं.

महिपतने विचार केला. "म्हंजी नौपाड्यानं उलटा बगितला," तो म्हणाला. "शिकलेली मानसं. वाईट वाटलं ऐकून."

या सोयीला आता दोन वर्षं होत आली आहेत. ती गोड आहे, असं कोणी म्हणत नाही. रतनचा कोळंबी सोलण्याचा वेग सासूला अजून पसंत नाही. घासाघीस करताना ती फार लवकर हसते, अशी बाजाराची तक्रार आहे. उलट बाजूने, शुक्रवारच्या बाजारानंतर शनिवारी खोलीत बोंबलाचा वास येतो, असं काळुराम म्हणतो. त्यावर रतन म्हणते, की वास वायरीतून जात नाही. गेल्या वर्षी शेजारणीने एका बुधवारी पाटी वीतभर सरकवून बघितली. रतन तेव्हा जे बोलली, ते ऐकून भागीरथी त्या संध्याकाळी जेवताना पहिल्यांदा म्हणाली, की गला बरा हाय.

आणि महिन्यातून एकदा, दुपारी तीनला, मानपाड्याच्या केबलवर बदकांची राणी लागते. दुसरा भाग आधी, पहिला नंतर. एका निवृत्त बाईंनी दोनदा फोन करून सांगितलं, की तुमची कॅसेट चुकीची लागते आहे, आमची नात विचारते की राणी माहेरी का आली. रतनने त्यांना विचारलं, तुम्ही काय सांगितलंत? बाई म्हणाल्या, सांगितलं, की कंटाळली असेल. मग ठीक आहे, रतन म्हणाली आणि फोन ठेवला.

उद्या शुक्रवार. रतन पहाटे बाजारात असेल. इथे सातची आरती काळुराम लावेल, बहुधा सात वाजून पाच मिनिटांनी, आणि आजींचा फोन तोच घेईल. तीनच्या कार्टूनला उद्या बदकांच्या राणीची पाळी आहे. ती कॅसेट रतन आज जाण्यापूर्वी मध्यावर आणून दुसऱ्या व्हीसीआरमध्ये घालून ठेवते. काळुरामने नुसतं बटण दाबायचं, अक्षरं आली की रिवाइंड करून पुन्हा दाबायचं आणि होडी निघाली की थांबवायचं.